एक काप, दोन जीव

झाडावर चढून फांद्या छाटणे, वाळलेले आणि धोक्याचे भाग उतरवणे, पोखरलेल्या खोडाची परीक्षा करणे आणि दुसरा इलाज उरला नसेल तर अख्खे झाड तुकड्यातुकड्याने जमिनीवर आणणे, हे ‘ट्री सर्जन’चे काम. महाराष्ट्रातल्या शहरांत ते महापालिकेच्या ठेकेदारांचे मजूर आणि सोसायट्यांनी बोलावलेले छाटणीवाले करतात. कोकण-गोव्यात माडावर चढणारे पाडेली याच विद्येचा एक भाग पिढ्यानपिढ्या सांभाळून आहेत. एप्रिल-मे महिन्यांत पावसाळापूर्व छाटणीची धांदल उडते, तेव्हा मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. विलायती शिरिषाच्या आडव्या फांदीवर एक माणूस, अनवाणी, कमरेला नायलॉनचा दोर, हातात कोयता. खाली वाहने थोपवणारा एक पोरगा. हा माणूस चपळ असतो, धीट असतो, झाड त्याला ओळखीचे असते. कमतरता असते ती साधनांची आणि त्या साधनांमागच्या पद्धतीची.

ही पद्धत जगभर गेल्या काही दशकांत शास्त्र आणि अनुभव यांच्या मेळातून घडली. तिच्या मुळाशी एकच सूत्र आहे: ज्या सवयी चढणाऱ्याचा जीव राखतात, त्याच झाडाचाही राखतात. घाईने मारलेला घाव झाडाची साल सोलून नेतो आणि तीच फांदी झोका घेऊन माणसावर येते. जपून, नेमक्या जागी, लहान तुकड्यात घेतलेला काप दोघांनाही सुखरूप ठेवतो.

झाड जखम कशी सांभाळते

माणसाची जखम भरते, कारण खराब झालेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात. झाडात तसे होत नाही. एकदा कापलेले किंवा कुजलेले लाकूड पुन्हा धडधाकट होत नाही; झाड त्याला भिंती घालून कोंडून टाकते आणि त्याच्या बाहेरून नवे लाकूड वाढवत राहते. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो (१९३०-२००६) यांनी हजारो झाडे चेनसॉने उभी-आडवी चिरून हे पाहिले आणि १९७७ मध्ये ते ‘कोडिट’ या नावाने मांडले. या मांडणीत चार भिंती आहेत. पहिली भिंत पाणी वाहणाऱ्या नळ्या वर-खाली बुजवते. ती सर्वांत कमजोर, म्हणून कूज खोडात उभी पसरते. दुसरी भिंत वाढीच्या वलयांची. ती कूज गाभ्याकडे जाऊ देत नाही. तिसरी भिंत आडव्या किरणांची. ती बाजूंना अटकाव करते. चौथी भिंत जखम झाल्यावर नव्याने उभी राहते आणि ती सर्वांत भक्कम असते. गाभा पोकळ झालेले वड-चिंचेसारखे वृक्ष बाहेरून हिरवेगार दिसतात, त्याचे कारण ही चौथी भिंत.

यातून छाटणीचा पहिला नियम निघतो. फांदी खोडाला मिळते तिथे तळाशी सालीची किंचित फुगीर वळकटी असते. तिला कॉलर म्हणतात. वरच्या बेचक्यात सालीची खरबरीत, उंचावलेली रेघ असते. कॉलर हा फांदीचा नव्हे, खोडाचा भाग आहे आणि कूज रोखणारी यंत्रणा तिच्यातच असते. म्हणून काप कॉलरच्या लगेच बाहेर घ्यायचा. तो खोडाशी सपाट घेतला तर कॉलर जाते आणि कुजीला खोडाचे दार उघडते. फार बाहेर घेतला तर खुंट उरतो, तो वाळतो आणि त्याच वाटेने बुरशी आत शिरते.

कापावर डांबर, गेरू किंवा रंग फासण्याची पद्धत अजून चालू आहे. शायगो आणि इतरांच्या चाचण्यांत अशा लेपांनी कूज थांबल्याचे दिसले नाही; लेपाखाली ओल मात्र कोंडून राहते. फळबागांत ठरावीक रोगांवर बोर्डो पेस्ट लावतात, तो स्वतंत्र उपचार आहे. रस्त्याकडेच्या झाडाला स्वच्छ, उघडा, योग्य जागचा काप पुरतो.

तीन काप

मनगटापेक्षा जाड फांदी एका कापात कधीही पाडू नये. वरून करवत चालवत गेले की निम्म्या-अधिक जाडीवर फांदीचे वजन उरलेल्या लाकडाला पेलत नाही. ती मोडते आणि मोडताना खालची साल खोडावरून हातभर सोलून नेते. ही सोललेली पट्टी पुढे कित्येक वर्षे उघडी राहते.

तीन कापांची पद्धत यावरचा उपाय आहे. खोडापासून साधारण एक फुटावर फांदीच्या खालून पहिला काप घेतात, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतका खोल. फांदीचा भार पात्यावर येऊन करवत आवळू लागण्याआधी ती काढून घ्यायची असते. दुसरा काप दोन-चार सेंटीमीटर आणखी बाहेर, वरून. तो पुरेसा खोल गेला की कडकन आवाज येतो, फांदी पहिल्या कापापाशी अडखळते आणि साल न सोलता सुटते. आता खोडाला फक्त फूटभर खुंट उरलेला असतो. त्याचे वजन हाताने पेलण्याजोगे असते, म्हणून तो धरून तिसरा, शेवटचा काप कॉलरच्या बाहेर निवांतपणे घेता येतो. झाड आयुष्यभर बाळगणार तो हाच काप. पहिले दोन त्याची तयारी असतात.

किती कापायचे यालाही मर्यादा आहे. एका हंगामात हिरव्या पसाऱ्याचा पाव भाग ही वरची हद्द समजली जाते. म्हाताऱ्या किंवा आजारी झाडाला तेवढेही सोसत नाही. दहा सेंटीमीटरपेक्षा जाड फांदीची जखम मिटायला अनेक वर्षे लागतात आणि तोवर कूज आत शिरू शकते, म्हणून वेळीच लहान फांद्या काढणे कधीही चांगले. झाडाचा शेंडा सरसकट उडवून त्याला खांब करून टाकणे ही सर्वांत घातक छाटणी. कापाखालच्या सालीतून फुटव्यांचा झुपका उठतो, पण हे फुटवे लाकडाच्या गाभ्यातून आलेले नसतात. ते चार-पाच वर्षांत जड होतात आणि पहिल्या मोठ्या वाऱ्यात निखळतात. उंची कमी करायचीच असेल तर लांब फांदी तिच्याच एखाद्या बाजूच्या फांदीपर्यंत मागे आणतात आणि ही बाजूची फांदी मूळ फांदीच्या किमान तिसऱ्या हिश्श्याइतकी जाड निवडतात, म्हणजे वाढ तिच्यातून पुढे चालू राहते.

चढण्याआधीचा अर्धा तास

अनुभवी माणूस झाडाखाली येऊन लगेच दोर फेकत नाही. तो आधी झाडाभोवती फिरतो, मग दूर जाऊन पूर्ण आकार पाहतो. तपासणी मुळापासून वर जाते. बुंध्याशी जमिनीला भेग पडली आहे का, एका बाजूची माती उचलली गेली आहे का, गटारासाठी किंवा केबलसाठी खोदताना मुळे तुटली आहेत का, काँक्रीट खोडाला भिडले आहे का? राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला, तो याच कारणासाठी. मुळांना हवा-पाणी मिळाले नाही की ती कुजतात आणि वरून हिरवे दिसणारे झाड बुंध्यातून उलथते.

बुंध्यावर तपकिरी, चकचकीत, फळीसारखी बुरशी उगवली असेल तर ती बहुधा गॅनोडर्मा असते आणि आतली कूज जुनी असते. नायलॉनच्या किंवा लाकडी हातोड्याने खोड ठोकत गेले की घट्ट लाकूड टणक बोलते, पोकळ भाग ढोलासारखा घुमतो. जर्मनीतील कार्ल्सरुहेचे क्लाउस माथेक यांनी झाडाची ही देहबोली वाचण्याची पद्धत शास्त्रशुद्ध केली. झाड कमजोर जागी जादा लाकूड घालते, म्हणून अनपेक्षित फुगवटा, फास किंवा वळ हे आतल्या दोषाचे निशाण असते. पोकळ खोडाच्या धडधाकट कवचाची जाडी त्रिज्येच्या साधारण तीस टक्क्यांहून कमी झाली की मोडण्याचा धोका वाढतो, हा त्यांचा अंदाज तपासणीत वापरला जातो. साठ सेंटीमीटर व्यासाच्या खोडाला नऊ सेंटीमीटर कवच. हा अंदाज आहे, निकाल नव्हे. झाडाचा पसारा, कल आणि वारा यांच्यासोबतच तो वाचायचा असतो. शंका राहिली तर बारीक सुई खोडात घुसवून रोध मोजणारे यंत्र वापरता येते.

जातीची ओळखही इथेच लागते. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याचे लाकूड ठिसूळ, मुळे उथळ, फांदी पूर्वसूचना न देता सुटते. विलायती शिरिषाच्या आडव्या फांद्यांना टोकाशी प्रचंड भार असतो. वड-पिंपळाचा चीक डोळ्यांत गेला तर आग होते. सह्याद्रीच्या पट्ट्यात बिब्ब्याच्या रसाने कातडीवर फोड येतात आणि खाजकुयलीच्या वेलीची लव दोराला चिकटून दिवसभर छळते.

त्यानंतर रहिवाशांची तपासणी. आंब्यावर पाने शिवून बांधलेली ओंबिलांची घरटी, ढोलीत साप, आणि उंच फांदीखाली लटकलेले आग्या मोहोळ. मोहोळ दुर्बिणीने शोधावे. ते दिसले तर त्या दिवशी ते झाड सोडून द्यावे. एका माशीच्या डंखातून सुटणाऱ्या गंधाने शेकडो माश्या धावून येतात आणि दोराला बांधलेल्या माणसाला पळता येत नाही. पक्ष्यांची घरटी व अंडी नष्ट करणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. कावळ्यांची घरटी एप्रिल ते जूनमध्ये, बगळ्यांच्या वसाहती पावसाळ्यात भरतात. त्यामुळे झाडाचा सांगाडा सुधारणारी मोठी छाटणी थंडीच्या अखेरीस, नवी पालवी येण्याआधी करणे पक्ष्यांना आणि झाडालाही सोयीचे. मे महिन्यासाठी फक्त वाळलेले व लोंबते भाग ठेवावेत.

शेवटी वीज. तारेपासून किमान तीन मीटर अंतर हा सर्वसाधारण नियम आहे आणि उच्च दाबाच्या वाहिन्यांना तोही अपुरा पडतो. ओली फांदी वीज वाहते, ॲल्युमिनियमची शिडी वाहते, घामाने भिजलेला दोरही वाहतो. तारेजवळचे काम वीज कंपनीकडून लेखी शटडाऊन घेऊन आणि लाइनमनने तारेचे अर्थिंग केल्यावरच सुरू करावे. एखाद्या इमारतीचा जनरेटर उलट्या बाजूने तार जिवंत करू शकतो, म्हणून नुसते ‘लाइट गेली आहे’ एवढ्यावर विसंबणे प्राणघातक आहे.

परवानगीचे कागदही चढण्याआधीच हातात हवेत. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरात झाड तोडण्याआधी परवानगी लागते आणि तोडण्याच्या व्याख्येत झाडाला इजा करणेही येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे स्थान दिले. सोसायटीने ‘आमच्याच आवारातले आहे’ असे सांगितले, तरी कारागिराने कागद पाहिल्याशिवाय करवत काढू नये.

अंगावरची साधने

हेल्मेट पहिले. बांधकामावरच्या साध्या हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा अडकला तर सुटावा असा बनवलेला असतो. चढणाऱ्याचे हेल्मेट पडतानाही डोक्यावरच राहायला हवे, म्हणून त्याचा पट्टा अधिक ताण सोसतो. हा फरक दुकानात विचारून घ्यावा. सोबत डोळ्यांना चष्मा किंवा जाळी आणि कानांना मफ, कारण पेट्रोलवर चालणाऱ्या चेनसॉचा आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो आणि कानाचे नुकसान कायमचे असते.

हार्नेस झाडावर बसून काम करण्याचा हवा: मांड्यांना रुंद पट्टे, कमरेला आधार, पुढे दोर जोडण्यासाठी बदलता येणारी पट्टी आणि दोन्ही कुशींना लॅनयार्डच्या, म्हणजे आधाराच्या आखूड दोराच्या, कड्या. इमारतींवर वापरतात तो पाठीला कडी असलेला, ‘आयएस ३५२१’ चा शिक्का असलेला हार्नेस माणसाला पडताना अडवतो, पण त्यात लटकून तासभर काम करता येत नाही. बकेट असलेल्या गाडीत उभे राहून छाटणी करताना मात्र तोच बांधावा. कमरेचा नुसता पट्टा किंवा दोराचा वेढा हे दोन्हींसाठी निकामी. पडल्यावर तो बरगड्यांत चढतो.

चेनसॉसाठीच्या पॅंटमध्ये कापडाच्या थरांत लांब, चिवट तंतू असतात. साखळी कापडाला लागली की हे तंतू ओढले जाऊन यंत्राच्या दातेरी चाकात गुंततात आणि साखळी क्षणात अडकते. या कपड्यांचे वर्ग साखळीच्या वेगावर ठरतात; पहिला वर्ग सेकंदाला २० मीटर वेगापर्यंत तपासलेला असतो. जमिनीवर काम करणाऱ्याला पुढच्या बाजूचे संरक्षण चालते, झाडावरच्याला पाय वेडेवाकडे टाकावे लागतात म्हणून चौफेर हवे. कोकणच्या दमट उन्हाळ्यात ही पॅंट जड होते, हे खरे. त्यावर तोड म्हणजे काम पहाटे सुरू करून अकराच्या आत संपवणे, दर अर्ध्या तासाला पाणी आणि दोन माणसांनी आळीपाळीने चढणे. पॅंट काढून ठेवणे ही तोड नव्हे.

पायांत घोट्याच्या वर येणारे, खाचांच्या तळव्याचे बूट. खोडात खिळे रुतवून चढण्याचे लोखंडी आकडे फक्त पूर्ण काढून टाकायच्या झाडावर वापरावेत. जगवायच्या झाडावर प्रत्येक पावलाची एक जखम होते आणि दर जखमेमागे कुजीला एक दार मिळते.

दोर आणि गाठ

चढण्याचा दोर सहसा पॉलिस्टरचा, ११ ते १३ मिलीमीटर जाडीचा, कमी ताणणारा असतो. बाजारात मिळणारा रंगीत पॉलिप्रॉपिलीनचा दोर उन्हाने ठिसूळ होतो आणि घर्षणाच्या उष्णतेने लवकर वितळतो. काथ्या आणि तो, दोन्ही ओझी बांधायला चालतात, माणूस टांगायला चालत नाहीत. दोरावर जाड-बारीक जागा, कडकपणा, झळ लागून आलेली चकाकी किंवा तुटके धागे दिसले की तो चढण्याच्या कामातून बाद. बाद दोर लगेच तुकडे करून टाकावा, नाहीतर तो कुणीतरी पुन्हा वापरतोच.

दोर वर नेण्यासाठी दोन-चारशे ग्रॅमची शिशाच्या छऱ्यांची पिशवी बारीक सुतळीला बांधून बेचक्यातून फेकतात आणि सुतळीने दोर ओढून घेतात. बेचके जिवंत लाकडाचे, किमान दहा सेंटीमीटर जाडीचे आणि खोडाजवळचे निवडतात. चढण्याआधी दोन माणसे त्या दोराला लटकून झोके घेतात. ही दहा सेकंदांची परीक्षा अनेक अपघात टाळते. बेचक्यात दोर सालीवर घासू नये म्हणून कड्यांची पट्टी बसवतात. त्यामुळे साल वाचते आणि दोरही कमी झिजतो.

या सगळ्यात कमाल आहे ती घर्षणाच्या गाठीची. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गाठीपासून या घराण्याची ओळख झाली. झाडावर चढणारे आज ‘ब्लेक्स हिच’ नावाची गाठ शिकताना पहिल्यांदा बांधतात. दोराचे शेपूट मुख्य दोराभोवती खालून वर चार वेढे देते, मग खाली उतरते, दोराच्या मागून जाते आणि तळाच्या दोन वेढ्यांखालून बाहेर येते. टोकाला अडवणारी आठाची गाठ. ओझे नसताना मूठ गाठीवर ठेवून ती वर सरकवता येते. शरीराचा भार पडला की वेढे आवळतात आणि माणूस हवेत जागच्या जागी थांबतो. गाठीच्या माथ्यावर तळहात हलकेच दाबला की ती इंच-इंच सैल होते आणि माणूस सावकाश उतरतो. झटकन उतरणाऱ्याची गाठ तापते, चकाकते आणि कमजोर होते. नवी बांधलेली गाठ आधी नीट लावून, ओढून, जमिनीपासून फूटभर उंचीवरच अजमावतात.

वर पोचल्यावर दुसरा आधार लागतो: फांदीभोवती फिरवलेला, लांबी कमी-जास्त करता येणारा लॅनयार्ड. चेनसॉ हातात असेल तेव्हा माणूस नेहमी दोन ठिकाणी बांधलेला असावा, कारण एका चुकीच्या हालचालीत साखळी दोर कापू शकते. आधार बदलताना आधी नवा जोडायचा, मग जुना सोडायचा. दोर जोडण्याचे कॅरॅबिनर, म्हणजे उघडझाप होणारे आकडे, तीन हालचालींनी उघडणारे घ्यावेत, म्हणजे फांदीला घासून ते आपोआप उघडत नाहीत.

करवत, कोयता, चेनसॉ

कोयता झावळ्या आणि बारीक काटक्यांसाठी उत्तम. जाड फांदीवर तो तंतू चिरफाडतो आणि घसरला तर मांडीत जातो. मनगटाएवढ्या फांदीपर्यंत जपानी धर्तीची, ओढताना कापणारी वाकडी करवत सर्वांत किफायतशीर असते. तिचा काप गुळगुळीत येतो, ती म्यानात राहते, तिला इंधन लागत नाही. पाते सरळ ठेवून ओढायचे. ढकलताना जोर दिला तर ते वाकते.

चेनसॉ झाडावर वापरायची असेल तर वर मूठ असलेली हलकी यंत्रे त्यासाठी असतात. ती जमिनीवर वापरू नयेत. दोन्ही हात यंत्रावर, अंगठे मुठीभोवती पक्के, खांद्याच्या वर काप नाही. पात्याच्या टोकाचा वरचा पाव भाग कशालाही टेकला तर यंत्र उसळून तोंडाकडे येते. पुढचा साखळीचा ब्रेक याच झटक्यासाठी असतो, म्हणून रोज सकाळी तो तपासावा.

साखळीची धार हा सुरक्षेचाच भाग आहे. धारदार साखळी जाडसर किसासारखे तुकडे फेकते. बोथट साखळी पीठ पाडते, माणूस जोर लावतो आणि यंत्र घसरते. हलक्या यंत्रांच्या बारीक साखळीला सहसा चार मिलीमीटरची गोल कानस लागते. ती दाताशी तीस अंशांच्या कोनात धरून आतून बाहेर, एकाच दिशेने फिरवतात. दोन-तीन फेऱ्या पुरतात. सगळे दात सारख्या लांबीचे राहायला हवेत, नाहीतर काप एका बाजूला वळतो. दातापुढचा उंचवटा दाताहून साधारण ०.६५ मिलीमीटर खाली ठेवतात; तो अधिक घासला तर साखळी हावऱ्यासारखी खाते आणि उसळते. आजच्या बहुतेक टू-स्ट्रोक यंत्रांना लिटरभर पेट्रोलमागे २० मिलीलिटर तेल लागते. नेमके प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे. इंधन भरताना इंजिन बंद आणि गार हवे. सततच्या थरथराटाने बोटांतले रक्ताभिसरण बिघडून ती पांढरी, बधिर पडू लागतात. म्हणून काम वाटून घ्यावे.

फांदी उतरवणे

खाली पत्र्याची शेड, गाड्या किंवा पदपथ असेल तर फांदी दोराने बांधून उतरवतात. इथे वजनाचा अंदाज चुकणे सर्वांत महागात पडते. ओले लाकूड घनमीटरला ढोबळमानाने ८०० ते ११०० किलो भरते. ४० सेंटीमीटर व्यासाचा, एक मीटर लांबीचा ओंडका सव्वाशे किलोच्या आसपास जातो. व्यास दुप्पट केला तर वजन चौपट होते; ८० सेंटीमीटरचा तेवढाच तुकडा पाचशे किलोचा.

दोर वरच्या कप्पीतून खाली येतो आणि बुंध्याला बांधलेल्या लोखंडी नळकांड्याभोवती वेढे घेऊन जमिनीवरच्या माणसाच्या हातात जातो. वर जिथे कप्पी बांधली, तिथे ओझ्याच्या जवळपास दुप्पट भार येतो, कारण दोराच्या दोन्ही बाजू खाली ओढतात. त्यात ओंडका मीटरभर पडून झटक्याने थांबला तर भार आणखी कितीतरी पट वाढतो. म्हणून दोर धरणारा माणूस तो एकदम अडवत नाही; वेढ्यांतून घसरू देत हळूहळू थांबवतो. लहान तुकडे घेतले तर कप्पीवर भार कमी, फांदीला धक्का कमी, वरच्या माणसाला हादरा कमी. दोरांची कामे वेगळी ठेवावीत: ओझ्याचा दोर पुन्हा कधीही चढण्यासाठी वापरू नये.

माडाचे वेगळे शास्त्र

माड, सुपारी, ताड ही झाडे फांद्यांची नव्हेत आणि त्यांच्या खोडात जखम झाकणारा वाढीचा थर नसतो. माडाच्या खोडाला पडलेली खाच मरेपर्यंत तशीच राहते. चढण्यासाठी खोडावर पायठणी खोदण्याची जुनी पद्धत म्हणूनच घातक आहे; त्या खाचांतून पाणी मुरते आणि सोंड्या भुंग्याला अंडी घालायला जागा मिळते. पाय-दोरीने किंवा खोडाला मिठी मारणाऱ्या लोखंडी यंत्राने चढले तर खोड शाबूत राहते. केरळात विकसित झालेली अशी यंत्रे कोकण-गोव्यातही वापरात आहेत आणि नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना त्यांचे प्रशिक्षण दिले. यंत्राने चढतानाही हार्नेस आणि खोडाभोवतीचा पट्टा आवश्यक.

माडाला वाढीचा एकच कोंब असतो. तो कापला की झाड संपले. फक्त वाळलेल्या, खाली लोंबणाऱ्या झावळ्या, सुकी पोय आणि पडायला आलेले नारळ काढावेत. हिरव्या झावळ्या ‘साफसफाई’ म्हणून काढल्या तर शेंडा उघडा पडतो आणि झाडाचे अन्न तुटते. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला माड कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला, तेव्हापासून शहरातल्या माडांची तपासणी हा गांभीर्याचा विषय झाला. माडाची परीक्षा मुळाशी करावी: बुंध्याजवळचा तपकिरी पाझर, गॅनोडर्माची बुरशी, ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज.

वादळानंतर

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन-मुरुडच्या वाड्यांत माड-सुपाऱ्या आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी १७ मे रोजी ‘तौक्ते’ मुंबईजवळून गेले. अशा वेळी मदतीच्या उत्साहात लोक चेनसॉ घेऊन धावतात, आणि सर्वांत वाईट अपघातही तेव्हाच होतात.

पडलेल्या झाडात ताण अडकलेला असतो. दोन टोकांवर टेकलेल्या ओंडक्याची वरची बाजू दाबली गेलेली आणि खालची ताणलेली असते. वरून कापत गेले तर करवत आवळते. एकाच टोकाला आधार असेल तर उलट. नियम असा: आधी दाबाच्या बाजूने उथळ काप, मग ताणाच्या बाजूने सावकाश पूर्ण. कमानीसारखे वाकलेले तरुण झाड एका कापात सोडले तर ते छातीवर फटका मारते. कमानीच्या आतल्या बाजूने थोडे थोडे लाकूड तासून त्याचा जोर आधी ओसरू द्यावा. मुळांसकट उलथलेल्या झाडाचे खोड कापले की मातीचा मोठा गड्डा परत खड्ड्यात बसतो, म्हणून त्या खड्ड्यात किंवा गड्ड्यामागे कुणीही, विशेषतः मुले, नसल्याची खात्री करावी. तारा अडकल्या असतील तर वीज कंपनीचा माणूस येईपर्यंत हात लावू नये.

मोकळ्या जागेत उभे झाड पाडायचे असेल तर पडण्याच्या बाजूला खोडाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी खोल खाच घेतात आणि मागून काप देताना व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतके लाकूड न कापता राखतात. ते बिजागरीचे काम करते. पाचर मारून झाड ढकलतात आणि पडू लागताच मागे तिरक्या, आधीच मोकळ्या केलेल्या वाटेने दूर होतात. झाडाच्या दुप्पट उंचीच्या वर्तुळात दुसरे कुणी नसावे. कुजलेल्या खोडात बिजागरी टिकत नाही. असे झाड क्रेन किंवा बकेटच्या गाडीतून वरून उतरवावे.

खालची माणसे

झाडावरच्या माणसाचा जीव जमिनीवरच्या माणसाच्या हाती असतो. खालच्याने दोर गुंतू द्यायचा नाही, फांद्या लगेच ओढून बाजूला करायच्या, रस्ता दोऱ्या व शंकूंनी बंद ठेवायचा आणि वरून बोलावल्याशिवाय झाडाखाली जायचे नाही. काप घेण्याआधी वरून हाक, खालून उत्तर, मगच काप; उत्तर आले नाही तर थांबायचे.

कामाच्या जागी किमान दोघे चढणारे असावेत आणि दुसऱ्याचा हार्नेस, दोर, चाकू तयार असावा. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये निश्चल लटकत राहिला तर पायांत रक्त साचून काही मिनिटांत जिवाला धोका होतो. अग्निशमन दल येईपर्यंत थांबणे परवडत नाही. रक्तस्राव थांबवण्याची पट्टी चढणाऱ्याच्या हार्नेसवर आणि प्रथमोपचाराची मोठी पेटी खाली ठेवावी. जागेचा नेमका पत्ता आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक सकाळीच सगळ्यांना सांगावा.

काम संपल्यावर दोर धुऊन सावलीत वाळवणे, साखळीला धार लावणे आणि प्रत्येक झाडाची नोंद करणे उरते: जात, घेर, काय काढले, किती जाडीचे काप, काय दोष दिसला. वर्षभराने त्याच झाडाखाली परत जावे. काप बरोबर जागी घेतला असेल तर त्याच्याभोवती नव्या सालीचे पूर्ण वर्तुळ, मेदूवड्याच्या कडेसारखे, सगळीकडून सारखे फुगून आत सरकू लागलेले दिसते. काप खोडाला फार चिकटून घेतला असेल तर सालीच्या कडा फक्त दोन्ही बाजूंनी येतात. वर आणि खाली जखम उघडीच राहते. ही खूण झाडावर कित्येक वर्षे वाचता येते, आणि पुढचा काप कुठे घ्यायचा हे तिच्यावरून शिकता येते.